मिश्रीला मी तंबाखू म्हणाले नाही

दात दाखवायला मी आयर्लंडहून मिरजेला आले, हे गावात कुणाला खरं वाटत नाही. "तिकडं डाक्टर न्हाईत व्हय गं?" असं विचारून बायका हसतात. मीही हसते. तिकडे डॉक्टर आहेत आणि चांगले आहेत. त्यांच्यातल्या एकाने माझं तोंड नीट तपासलंही होतं. त्याने जे विचारलं त्याचं खरं उत्तर मी दिलं नाही, म्हणून मला इथे यावं लागलं. हे वाक्य मी बऱ्याचदा लिहून खोडलं. आता राहू देते.

मी कवठे महांकाळजवळच्या एका खेड्यातली. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिलीच. सांगलीला बीएस्सी केलं, मग एमएस्सीसाठी आयर्लंडला गेले. आता माझ्यासारख्या घरांतून बऱ्याच मुली बाहेर जातात. त्यातल्या एखादीच्या बॅगेत माझ्यासारखी डबी असेल, तर तिने हे वाचावं असं वाटतं. बाकीच्यांनी वाचलं तर मला लाज वाटेल, पण इलाज नाही.

डबी

माझी आई बेदाण्याच्या शेडवर कामाला जाते. मधे बेदाण्याचा ढीग, भोवती बायका. काड्या आणि खराब दाणे वेगळे काढायचे. चहाची सुट्टी झाली की मिश्रीची डबी फिरते. बोटावर चिमूटभर घ्यायची, हिरड्यांवरून फिरवायची, बोलत राहायचं, मधूनच उठून कडेला थुंकायचं. लहानपणी सुट्टीत मी आईबरोबर शेडवर जायचे. सासूची, जावेची, नवऱ्याची जी काही गाऱ्हाणी मी ऐकली, ती सगळी बोट तोंडात असलेल्या बायकांकडूनच.

तंबाखू मळणारे पुरुष वेगळे. त्यांना व्यसन असतं. बायका मिश्री लावतात ते दात घासायला, असंच आमच्याकडे धरलं जातं. आई तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजते. घरभर ठसका उठतो, वडील खोकत अंगणात जाऊन बसतात, मग आई ती कुटून चाळून डबीत भरते. म्हणजे ती तंबाखूच आहे हे मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. तरी मी तिला कधी तंबाखू म्हणाले नाही. आमच्या घरात कुणीच म्हणत नाही.

बारावीला असताना ऐन प्रॅक्टिकलच्या आधी माझी दाढ ठणकायला लागली. आईने स्वतःच्या बोटाने दाढेवर मिश्री दाबली.

"गप बस जरा. आत्ता उतरतंय बग."

डोकं गरगरलं, घाम आला, आणि दाढ खरोखर गप्प झाली. दुसऱ्या दिवशी मी स्वतःच मागितली. पुढे दाढ दुखायची थांबली तरी मी मागत राहिले, आणि नंतर मागणंही बंद करून आईच्या डबीतून घ्यायला लागले. आईला ते माहीत होतं. ती फक्त म्हणायची, "सांगलीत कुणापुढं लावू नगंस. शिकलेल्या मानसात बरं दिसत न्हाई."

आयर्लंडला निघताना तिने चटणी आणि शेंगदाण्याच्या लाडवांबरोबर दंतमंजनाच्या रिकाम्या डब्यात मिश्री भरून दिली. "तिकडं दाढ उठली तर कुणाच्या तोंडाकडं बघशील?" म्हणाली.

सायली

तिथे माझी खोली सायलीबरोबर होती. ती पुण्याची, माझ्याच वर्गातली. मनाने फार चांगली. पण तिचं मराठी इतकं स्वच्छ, की तिच्यापुढे बोलताना मी प्रत्येक वाक्य आधी मनात धुऊन घ्यायचे. पहिल्या आठवड्यात ती बेसिनपाशी उभी राहून म्हणाली, "हे काळं काळं काय पडलंय गं?"

"दंतमंजन आहे. आयुर्वेदिक."

"अय्या, घरी केलेलं? मला पण दे ना थोडं. माझ्या हिरड्या फार नाजूक आहेत."

मी डब्याचं झाकण घट्ट लावलं. "तुला नाही सोसायचं," मी म्हणाले. "फार उष्ण असतं."

"दात घासायला कसलं आलंय सोसणं?"

शेवटी मी सांगितलं की संपत आलंय, आईने पुन्हा पाठवलं की देईन. त्या दिवसापासून मी बेसिन घासून पुसायला लागले. डबा कपाटात स्वेटरच्या आत ठेवला. तिथल्या थंडीत, सुपरमार्केटात मांडणीवर माल लावायचं काम करून परतल्यावर, न्हाणीघराचं दार लावून मिश्री लावायचे तेवढा वेळ मला घरी असल्यासारखं वाटायचं. हे मी सबब म्हणून सांगत नाही. तसं वाटायचं, एवढंच.

चार-पाच वेळा

हिवाळ्यात हिरड्यांतून रक्त यायला लागलं आणि जुनी दाढ पुन्हा उठली. या वेळी मिश्रीने उतरेना. माझ्या विम्यात दात बसत नाहीत हे तेव्हा कळलं. हात, पाय, पोट सगळं बसतं, दात नाहीत. विद्यापीठाच्या दवाखान्यातल्या नर्सने वेदनेची गोळी दिली आणि खासगी डॉक्टरांची नावं सांगितली. मी प्रत्येकाला फोन केला. तपासणीचेच ते जे मागत होते, ते ऐकून दर वेळी "बरं, कळवते" म्हणून फोन ठेवला. गालाला मफलर गुंडाळून कामावर जात राहिले.

वाट सायलीनेच काढली. "डेंटल कॉलेजला जा. तिथे विद्यार्थी करतात म्हणून अगदी स्वस्त असतं. त्यांचे सर मागे उभे असतात, घाबरू नकोस." नंबर लागायला वेळ लागला, पण लागला. ती सोबत आली. बाहेर बस म्हटलं तरी आत येऊन माझा कोट धरून बसली.

तपासणारा विद्यार्थी माझ्याच वयाचा असेल. हातमोजा घालताना त्याची दोन बोटं एकाच बोटात अडकली, त्यामुळे मला धीर आला.

"सिगारेट ओढता?"

"नाही."

"तंबाखू? कुठल्याही प्रकारची? चघळायची, हिरडीला लावायची?"

"नाही."

"दिवसातून किती वेळा दात घासता?"

"चार-पाच वेळा."

त्याने मान वर करून पाहिलं. मी खरंच मिश्रीच्या वेळा मोजून सांगितलं होतं. सायली मागून कौतुकाने म्हणाली, "दातांच्या बाबतीत ती फार काटेकोर आहे."

या उत्तरांबद्दल मी पुष्कळ विचार केला आहे. तंबाखू म्हणजे मिश्री हे माझ्या डोक्यात आलंच नाही, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. त्याच्या नुसत्या "तंबाखू?" या शब्दापुरतं ते खरं आहे. पण "हिरडीला लावायची" हे शब्द त्याने उच्चारले तेव्हा मला कळलं होतं. चांगलं कळलं होतं. मागे सायली बसली होती.

त्याच्या सरांनी तोंडात पाहिलं आणि इतक्या वेळा, इतक्या जोरात घासू नका म्हणाले. त्यांनी मला एक मऊ ब्रश दिला. दाढ भरली, दात साफ केले. मग विद्यार्थ्याने माझा खालचा ओठ डावीकडे ओढून धरला आणि दोघंही वाकून पाहत राहिले. हिरडी आणि ओठ यांच्या मधल्या खाचेत एक पांढरा चट्टा होता.

"हा कधीपासून?"

मला माहीत नव्हता. एखाद्या दाताची कड लागत असेल म्हणून त्यांनी ती घासून गुळगुळीत केली. काही आठवड्यांनी परत बोलावलं. तेव्हाही चट्टा असला तर छोटा तुकडा काढून तपासू, म्हणाले. ते सगळं इतक्या सौम्यपणे बोलले की बाहेर येईपर्यंत मला भीतीच वाटली नाही. बाहेर आल्यावर मी सायलीकडून कोट घेतला आणि उलटा घातला.

मी परत गेले नाही. त्यांनी दोनदा आठवणीचा निरोप पाठवला. माझ्या न बोललेल्या गोष्टीवर ते उपाय शोधत होते, आणि त्यांच्यासमोर पुन्हा तोंड उघडायची माझी तयारी नव्हती. अभ्यासक्रम संपेपर्यंत मी रोज आरशात ओठ ओढून पाहायचे. चट्टा तिथेच होता, जिभेला खरखरीत लागायचा. आणि पाहून झालं की मी मिश्री लावायचे.

शेवटी आईला फोन केला.

"आई, तोंडात चट्टा आलाय."

"उष्णता आसंल. गुलकंद खा."

"तुकडा काढून तपासायचं म्हणत्यात."

मग आईने विचारलं, "कुठल्या अंगाला?"

"डाव्या. खाली."

"घरला ये," ती म्हणाली.

मिरज

मिरजेत आजारी माणूस आजारी माणसाकडे वळून बघत नाही, तिथे सगळे त्याच कामाला आलेले असतात. आम्ही पहिल्या एसटीने गेलो. केसपेपर काढला आणि दातांच्या विभागाबाहेर बाकावर बसलो. शेजारी जतकडचा एक माणूस होता, त्याचं तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नव्हतं. त्याची बायको त्याला दुधात बुडवलेलं बिस्किट भरवत होती. आईने एकदा पाहिलं आणि पदर तोंडाशी नेला, तो तसाच धरून ठेवला.

आतल्या डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी ओठ ओढला, दिवा फिरवला आणि काही लिहिण्याआधीच विचारलं, "कुठल्या बोटानं लावता?"

लावता का, असं विचारलंच नाही. मी बोटं मुठीत मिटली.

"मी नाही लावत," मी म्हणाले.

आणि माझी आई, जी कुठल्याही साहेबापुढे आधी माझ्याकडे बघते, ती ताडकन बोलली. "आवं बाई, माझी लेक शिकल्याली हाय. फॉरेनला आसती. तिला असलं काय न्हाई. मी लावती. माझ्याच हाताचं लागलं आसंल तिला, जेवायखायला."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. या सगळ्या आजारात मला सर्वांत जास्त लाज कशाची वाटते असं कुणी विचारलं, तर त्या क्षणाची. कारण मी आईला ते बोलू दिलं. डॉक्टरांनी विश्वास ठेवला असता, तर मी ते तसंच राहू दिलं असतं.

"मावशी, हाताचं लागून असं होत नाही," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "बघा ताई, मी तुमच्या घरी सांगायला येणार नाही. मला फक्त चट्टा कशाचा ते कळायला पाहिजे. नाहीतर मी अंधारात दगड मारत बसणार."

"या बोटानं," मी म्हणाले आणि मूठ उघडली. "बारावीपासून."

त्यांनी मान डोलावली आणि लिहिलं. त्यांना नवल वाटलं नाही. मी इतके दिवस ज्या नवलाला घाबरत होते, ते त्यांच्या चेहऱ्यावर आलंच नाही.

तुकडा काढला तेव्हा इंजेक्शनमुळे दुखलं नाही, फक्त कैची चालल्याचा आवाज ऐकू आला. नंतर एसटीला वेळ होता म्हणून, मी तोंडात कापूस धरलेला, आम्ही तंतुवाद्यांच्या दुकानांच्या गल्लीतून चाललो. एका दुकानात कारागीर तंबोऱ्याची एकच तार पुन्हा पुन्हा छेडत होता. पायरीवर सावली बघून आम्ही बसलो. आई बराच वेळ ऐकत राहिली, मग हळूच म्हणाली, "ह्येला दुसरं काय वाजवाय येत न्हाई व्हय?"

मला हसू आलं आणि टाका ओढला गेला. डोळ्यांत पाणी आलं. आईला वाटलं मी रडते आहे. मग मी खरंच रडले.

रिपोर्ट येईपर्यंत

घरात आम्ही तिघं आणि कुणी कुणाशी बोलायचं नाही. वडील टेम्पो घेऊन सकाळीच जायचे. आधी गाडीत बसताना हाक मारायचे, ते बंद झालं. एकदा जेवताना त्यांनी आईला विचारलं, "पोरीला कुणी दिलं ह्ये?" आई भाकरी थापत राहिली. मी म्हणाले, "मीच घेतलं." ते अर्धवट ताटावरून उठले. अंगणात नळावर हात धुताना ते स्वतःशीच बोलत होते, "मिश्री भाजताना मी नुसता भाईर जाऊन बसायचो." तेवढंच. पुन्हा त्यांनी विषय काढला नाही.

मिश्री मी तुकडा काढला त्याच दिवशी सोडली होती. सोडल्यावर काय होतं ते कुणी सांगत नाही, म्हणून सांगते. डोकं दुखतं, चिडचिड होते, आणि सकाळी पोट साफ होत नाही. हे शेवटचं मला डॉक्टरांना विचारतानाही लाज वाटली. त्या म्हणाल्या, बहुतेक बायका याच एका कारणाने पुन्हा डबी उघडतात, पाणी प्या, चाला, थोडे दिवस जातील. ते खरं निघालं. बोट मात्र आपोआप तोंडाकडे जायचं. मी बडीशेप चघळायचे आणि मांडीखाली हात दाबून बसायचे.

रिपोर्टमध्ये कॅन्सर नव्हता. पेशी बदलायला लागल्या होत्या, पण तिथवर गेल्या नव्हत्या. "सोडलीत तर चट्टा मागे फिरू शकतो," बाई म्हणाल्या. "धरलीत तर मी कसलीच हमी देणार नाही. आणि येत राहायचं. बरं वाटतंय म्हणून घरी बसायचं नाही." पुढच्या तपासणीला चट्टा फिकट झाला होता. आईने दवाखान्याच्या दारातच हात जोडले, कुणाला ते मला कळलं नाही.

अभ्यासक्रमानंतरच्या व्हिसावर मला परत जायचं होतं, म्हणून तिकडच्या डेंटल कॉलेजला मी पत्र लिहिलं आणि खरं कळवलं. त्यांचं उत्तर आलं: कळवल्याबद्दल आभार, मिरजेचे कागद आणि रिपोर्ट घेऊन या, पुढची तपासणी आम्ही करू. एका ओळीचाही ठपका नव्हता. सायलीला फोनवर सांगितलं, तेव्हा ती ओरडली, "आणि मी ते लावायला मागत होते! मूर्ख मुली, दिलं असतंस तर?" नंतर मात्र म्हणाली, "मी त्या दिवशी आत यायलाच नको होतं."

बाहेर जाणाऱ्या मुलींना माझं एवढंच सांगणं आहे. निघण्याआधी इथेच तोंड दाखवून घ्या, दाढा भरून घ्या, इथे ते आपल्याला झेपतं. तिकडे डेंटलचे विद्यार्थी शिकतात ती जागा शोधा, नंबर आधीच लावा, गालाला मफलर गुंडाळून दिवस काढू नका. आत एकट्या जा. आणि त्यांनी तंबाखूचं विचारलं तर मिश्री, गुल मंजन, तपकीर काय असेल ते नावासकट सांगा. त्यांना आपल्या डब्या माहीत नसतात. सांगणारं आपल्याशिवाय कुणी नसतं.

आई

इथे मी थांबणार होते. पण घरातली गोष्ट तिथे थांबली नाही.

माझा रिपोर्ट आल्यावर मी आईच्या मागे लागले. तू पण सोड, तू पण दाखव. आवाज चढवूनही बोलले. शेडवरच्या बायकांसमोर एकदा बोलले. त्यातल्या एकीने हसून टोमणाही मारला, "आता फॉरेनची डाक्टरीण आली बाई, डब्या लपवा." आई कसनुशी हसली. त्यानंतर घरात मिश्रीची डबी दिसेना. तव्यावरचा ठसका बंद झाला. मला वाटलं, सोडली.

मग एकदा सकाळी मी पाणी तापवायला मागे गेले, तर आई न्हाणीच्या भिंतीआड पाठ करून उभी होती. मी हाक मारली. ती वळली, ओठ घट्ट मिटलेले. गाल फुगलेला. बोट पदरात लपवलेलं.

"आई, काय करतीस?"

तिने मान हलवली. बोलता येईना, तोंड भरलेलं होतं. मी तिथून हलले नाही. आणि माझ्या डोळ्यांदेखत तिने ते गिळलं.

मला आठवतं तेव्हापासून चारचौघांत, शेडवर, अंगणात बिनधास्त थुंकणारी माझी आई. मी बघू नये म्हणून तिने तंबाखूचं पाणी घशाखाली घातलं. लगेच तिला जोराचा ठसका लागला, भिंतीला धरून ती वाकली.

"काय न्हाई," ती खोकत म्हणाली. "दात घाशीत हुते."

मी तांब्या भरून आणला. तिची पाठ चोळली. "थुक आई. माझ्याम्होरं थुक. मी काय म्हणत न्हाई."

ती थुंकली, चूळ भरली, पुन्हा थुंकली. मग तिथेच दगडावर बसली. मीही बसले. लपवायचं कसं हे मी तिच्याकडूनच शिकले होते, आणि आता ती माझ्यापासूनच लपवत होती. मला तिच्याकडे बघता येईना.

"सुटत न्हाई गं माझ्याच्यानं," थोड्या वेळाने ती म्हणाली. "लय केलं. हात जातूय."

"माझा बी जायचा."

"तुझं वय हाय." तिने पदराने तोंड पुसलं. "त्या बाई रागावतील का मला? पोरीला दिली म्हणून?"

"न्हाई रागावत. मला कुठं रागावल्या?"

"मग जाऊ. शेडला सुट्टी घेते." ती उठली, आणि दोन पावलं जाऊन थांबली. "पर तू आत येऊ नगंस. तुझ्याम्होरं तोंड उघडाय मला लाज वाटती."

आम्ही मिरजेला गेलो. तिच्या नावाचा पुकारा झाला. तिने चपला दाराबाहेर काढून ठेवल्या, काढायच्या नसतात तरी, आणि पदर सारखा करून आत गेली. मी बाहेर बाकावर तिच्या पिशवीपाशी बसून राहिले.